भाषा देखणी, पण घडत काहीच नाही : अशा कादंबऱ्यांचे बडोदेकरांचे अनुभव

दांडिया बाजार

आमच्या वाचकमंडळात मागे एका कादंबरीवरून बरीच वादावादी झाली. भाषा अशी की कुठलंही पान मोठ्याने वाचावं. आणि पुस्तक संपलं की प्रश्न एकच, 'बरं, मग झालं काय?' काहींना हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला. म्हणून हा धागा काढतोय. अशी कादंबरी तुमच्याही वाट्याला आली असेल तर लिहा. कुठे अडलात, नेमकं काय खटकलं, तपशिलात सांगा. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव नको, नाही तर सगळे नावावरच भांडत बसतील. आणि 'तुम्हाला ती कळलीच नसेल' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही.

माझ्यापासून सुरुवात. पहिल्याच प्रकरणात थोरल्या भावाचं पत्र येतं आणि बहीण ते न फोडता कपाटात साड्यांखाली ठेवते. वा! मी सरसावून बसलो. पुढे ते पाकीट दर दोन-तीन प्रकरणांनी बाहेर निघतं, त्याच्या कागदाचा रंग, डिंकाचा वास, तिकिटावरचा शिक्का, सगळ्याचं अप्रतिम वर्णन होतं आणि ते परत कपाटात जातं. ते फोडायलाच हवं होतं असं माझं म्हणणं नाही. पण न फोडल्याचं तरी काही व्हावं ना? कुणाची झोप उडावी, कुणी विचारावं, एखादं लग्न मोडावं. लेखकाला ते पाकीट फक्त शोभेला हवं होतं.

कारेलीबाग

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. शेजारच्या मासी गुजराती. मराठी त्यांना बोललेलं समजतं, पण पुस्तकी भाषा डोक्यावरून जाते. त्या भाजी निवडत बसायच्या आणि मी थांबले की विचारायच्या, "पछी? शुं थयुं?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं, एक विधवा बाई आहे, जुन्या वाड्यात एकटी राहते, आज पाऊस पडला. दुसऱ्या दिवशीही पाऊसच होता. मासी म्हणाल्या, "ए तो काले पण हतो!" तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, म्हणून आम्हाला जरा आशा वाटली, तर बाई अंगणातल्या ओल्या पारिजातकाकडे बघत बसल्या. वाक्यं सुंदर होती हो, आई मध्येच "पुन्हा वाच" म्हणायची. पण मासींना चार शब्दांत सांगायला गेलं की हातात काही उरायचं नाही. भाषेची झूल काढली की आत जनावर आहे की नाही ते लगेच कळतं.

मग मासींनीच सूत्रं हातात घेतली. त्यांच्या मते त्या बाईचा पुतण्या वाडा बिल्डरला विकायला टपलेला होता. कादंबरीत पुतण्या एकदाच येतो, चहा पितो आणि जातो. मासींच्या कादंबरीत त्याने त्या चहाच्या वेळीच कागदावर सही घेतली होती. आई इतकी रंगली की तिने मला पुस्तक मिटायला लावलं. आईचे डोळे आता छान आहेत, पुस्तक फळीवर आहे आणि मासींची कथा कोर्टात पोचली आहे.

अलकापुरी

मलपृष्ठावर 'तरल', 'अंतर्मुख' आणि 'संथ लय' हे तिन्ही शब्द एकत्र दिसले की मी पुस्तक जागेवर ठेवते. अनुभव एवढाच.

मांडवी

मी सेंट्रल लायब्ररीचा जुना सभासद. सयाजीराव महाराजांनी बोर्डनसाहेबांना अमेरिकेहून बोलावून १९१० साली ग्रंथालयांचं जे काम सुरू केलं, त्यातलीच ही. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेच्या फरश्या आहेत, उजेड वरून खालपर्यंत झिरपावा म्हणून. हे विषयांतर झालं, पण बडोद्याच्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मुद्दा. ग्रंथालयाची प्रत वाचण्यात एक फायदा असतो, आधीच्या वाचकाचा माग लागतो. कुणी तरी त्या कादंबरीत पेन्सिलीने ओळी अधोरेखित केल्या होत्या. (करू नयेत. मी खोडत बसतो.) पहिल्या पन्नासेक पानांत जवळजवळ प्रत्येक पानावर रेघ, समासात 'सुरेख!', 'क्या बात है'. मग रेघा विरळ होत गेल्या. शंभरच्या आसपास समासात एकच प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे सगळी पानं कोरी करकरीत. त्यानंतर मीही फार गेलो नाही. तेच तेच सौंदर्य डोळ्यांना दिसेनासं होतं. दर वाक्य उद्धृत करण्याजोगं असलं की एकही लक्षात राहत नाही. साध्या, कामापुरत्या वाक्यांचीही गरज असते, 'तो उठला आणि दार लावून गेला' अशांची. या लेखकाला दार साधेपणाने लावताच येत नव्हतं.

फतेहगंज

मी मराठी शिकवते, तेव्हा थोडी दुसरी बाजू. हरिभाऊ आपटे 'करमणूक' साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः लिहीत, ते १८९० नंतरचे दिवस. पुढच्या अंकाची वाट बघायला लावायचं तर प्रत्येक हप्त्यात काही तरी घडायलाच हवं. पुढे १९४२ मध्ये मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस'मध्ये सगळा कारभार मनाच्या आत नेला. म्हणजे बाहेर काही न घडणारी कादंबरी मराठीला नवी नाही आणि मनातलं घडणंही घडणंच असतं. 'काहीच होत नाही' ही तक्रार विद्यार्थ्यांकडून आली की मी आधी हेच सांगते.

तरीही या धाग्यावरची निराशा मला पटते. माझी एक कसोटी आहे. पहिल्या पानावरच्या माणसाला एक प्रश्न विचारावा, 'तुझ्या बापाबद्दल तुला काय वाटतं?' आणि तोच शेवटच्या पानावर विचारावा. उत्तर तसूभरही हललं नसेल, आणि न हलण्याची किंमतही कुणी मोजली नसेल, तर मधल्या तीनशे पानांत लेखक फक्त दागिने घडवत होता. मी ज्या कादंबरीबद्दल बोलतेय तिच्यातली नायिका सारखी 'आठवत' असते, पण तिला एकही गोष्ट नव्याने आठवत नाही. पहिल्या प्रकरणातच सगळं माहीत असलेली बाई पुढे आठवते ती फक्त आपल्यासाठी.

मांजलपूर

मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात काम करतो. माझ्या कादंबरीचा नायक फिटर होता, म्हणून हौसेने घेतली. त्याच्या हातांना तेलाचा वास येतो, यावर दीड पान. पण तो कामावर काय करतो? कुठलं मशीन? सेकंड शिफ्ट संपवून आल्यावर त्याला झोप येत नाही का? ओव्हरटाइम मिळाला की कापला? कुणाशी भांडण? काही नाही. तो खिडकीत उभा राहून संध्याकाळ बघतो. साहेब, आम्हाला संध्याकाळ दिसत नाही, आम्ही शेडमध्ये असतो. त्यात त्याची आजी, त्याची आठ वर्षांची पोरगी आणि तो, तिघंही एकाच छापाची गोळीबंद वाक्यं बोलतात. पोरगी म्हणते, "शांततेलाही कड असते, बाबा." माझी पोरगी त्या वयात म्हणायची, सेव-उसळ खायला चला.

घटना नसल्या तरी चाललं असतं मला, पण कामाचा एक तरी दिवस नीट लिहायचा होता.

रावपुरा

सगळे तुटून पडताय म्हणून लिहिते, मला अशीच एक कादंबरी अतिशय आवडली होती. वडील इस्पितळात होते, रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसून काढायच्या. रहस्यकथा नेली तर नर्सने हाक मारली की धागा तुटायचा आणि चिडचिड व्हायची. हिच्यात तुटण्यासारखं काही नव्हतं. कुठूनही उघडा, नदी वाहतेय, एक माणूस घाटावर बसलाय. त्या पुस्तकाने तेव्हा काहीही मागितलं नाही याचे उपकार वाटतात.

वडील बरे होऊन घरी आल्यावर सावकाश पहिल्यापासून वाचायला घेतलं. नाही झालं. त्या माणसाला घाटावरून उठवून रिक्षात बसवावंसं वाटायला लागलं.

सूरसागर

माझी प्रत २०१८ च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन भरलं होतं तेव्हा स्टॉलवर घेतलेली. आत लेखकाची सही आहे, त्यामुळे रद्दीत घालवत नाही. पानं नवी आहेत, साधारण निम्म्यानंतर तर अगदीच नवी. कुणाला हवी असेल तर सांगा, बदल्यात जुन्या रहस्यकथा चालतील, मुखपृष्ठ नसलं तरी हरकत नाही. फक्त शेवटचं पान शाबूत हवं.