‘नॅशनल स्टँडर्ड’ आणि ‘लोकल कंट्रोल’ला मराठीत काय म्हणायचं?

गंगावेसवाली
एका मासिकासाठी अमेरिकेतल्या शाळांवरचा लेख मराठीत आणतेय. कुठल्या वर्षी मुलाला काय यायला हवं हे सगळ्या देशासाठी एकदाच ठरवावं, की ज्या त्या गावच्या शाळेचं ज्या त्या गावानं बघावं, यावर तिकडे जुनं भांडण आहे. माझं घोडं दोन जागी अडलंय. ‘नॅशनल स्टँडर्ड्स’ला मी ‘राष्ट्रीय मानके’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘राष्ट्रीय दर्जा’ केलं. ‘लोकल कंट्रोल’ला ‘स्थानिक नियंत्रण’ लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, हे डासांचं आहे का? ‘मानके’ मला स्वतःलाच टोचतं. पण दर्जा चांगला असतो नाहीतर वाईट असतो, इथे तसं काही म्हणायचंच नाहीये. सुचवा.

दुधाळी
‘मानक’ हे हिंदीचं उष्टं. आपल्याकडे ‘प्रमाण’ असताना दारोदार कशाला फिरायचं? प्रमाणभाषा, प्रमाणवेळ, प्रमाणपत्र. ‘राष्ट्रीय शैक्षणिक प्रमाणे’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

पेठेतला
काका, ‘राष्ट्रीय शैक्षणिक प्रमाणे’ वाचून मी पुढचं वाक्य शोधत बसलो. कुणाच्या प्रमाणे?

कसबा बावडा
‘मानक’ आलं असेल हिंदीतून, आता घरचं झालंय. भारतीय मानक ब्यूरो आहे, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं ‘राज्य शाळा मानक प्राधिकरण’ आहे. कागदोपत्री जो शब्द बसला तो बसला. मासिकाच्या वाचकाला उद्या शासन निर्णयही वाचायचाच आहे.

दुधाळी
शासन निर्णयातलं मराठी हा पुरावा म्हणून देताय? धन्य.

गुजरीतला
आता कुणीतरी ‘निकष’ म्हणेल, म्हणून आधीच सांगतो, निकष नको. निकष म्हणजे मुळात कसोटीचा दगड. आमच्या दुकानात आजोबांचा आहे, काळा, हाताला गुळगुळीत. सोनं त्यावर घासून रेघ काढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सुईची रेघ काढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब, आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. दगडाला स्वतःचा कस नसतो. निकष हे तपासायचं हत्यार झालं. ताईंना हवंय ते ‘सोनं किती कसाचं पाहिजे’ ते. परीक्षा वेगळी आणि अपेक्षा वेगळी. सगळे पेपरवाले ह्यात गल्लत करतात.

पेठेतला
राष्ट्रीय कस. लेख पैलवानकीचा वाटेल, पण कोल्हापुरात खपेल.

पन्हाळ्याचे गुरुजी
मंडळी, शब्द तुमच्या जिभेवर आहे आणि तुम्ही गावभर शोधताय. स्टँडर्ड म्हणजे इयत्ता! हसू नका. संस्कृतात ‘इयत्’ म्हणजे इतकं, इयत्ता म्हणजे इतकेपण, माप. पाचवी इयत्ता म्हणजे पाचव्या वर्षी इतकं आलं पाहिजे. अमेरिकेतला माणूस याहून वेगळं काय मागतोय? आपण ‘यत्ता पाचवी अ’ करून शब्दाचा वर्ग करून टाकला, म्हणजे खोली, सतरंजी आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘पट 31, हजर 28’. त्याच्याही आधी बुक होतं. ‘चार बुकं शिकलेला’ म्हणजे चार वर्षं शाळेत गेलेला नव्हे, चार पुस्तकं पार केलेला. माप पुस्तकाचं होतं, वर्षांचं नव्हे.

माझ्या नोकरीत याची किती नावं झाली बघा. किमान अध्ययन क्षमता आल्या, त्या गेल्या. मग अध्ययन निष्पत्ती आल्या. 2021 पासून ‘निपुण’, म्हणजे तिसरी संपेपर्यंत लिहिता-वाचता आणि आकडेमोड आली पाहिजे. प्रत्येक वेळी नवं प्रशिक्षण, नवा तक्ता, चहा-बिस्कीट. आणि मागणी तीच, वजाबाकीत हातचा घेता आला पाहिजे.

गंगावेसवाली
गुरुजी, इयत्तेचं मूळ वाचून आनंद झाला, पण ‘राष्ट्रीय इयत्ता’ लिहिलं तर संपादक माझं मानधन कापतील.

शाहूपुरी ते न्यूजर्सी
ताई, आधी ‘राष्ट्रीय’च काढा. इथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. ते राज्यांकडे, आणि राज्यांनी बरंचसं खाली सोडलेलं. देशभर तेरा हजारांच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत. जिल्हा म्हटलं तरी कधीकधी एका गावापुरताच, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं. 2010 साली ‘कॉमन कोअर’, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याची राज्याराज्यांत सामाईक यादी, आलं तेही वॉशिंग्टननं लिहिलेलं नव्हतं. राज्यांच्या गव्हर्नरांची आणि शिक्षणप्रमुखांची अशा दोन संघटनांनी मिळून केलेलं, तेही इंग्रजी आणि गणितापुरतं. चाळीसच्या वर राज्यांनी घेतलं. टेक्सास, व्हर्जिनिया यांनी घेतलंच नाही. इंडियानानं घेऊन 2014 मध्ये सोडून दिलं.

मग बोंब का झाली? कारण ओबामांच्या काळात केंद्रानं अनुदानाची स्पर्धा लावली आणि अशी सामाईक अपेक्षा मान्य करणाऱ्या राज्यांना त्यात जादा गुण ठेवले. पैसे वरून आले की हुकूमही वरूनच आला, असं माणूस धरतो. 2015 च्या कायद्यात मग स्पष्टच लिहिलं की केंद्रानं हे कुठल्या राज्यावर लादायचं नाही. म्हणून ‘राष्ट्रीय’ऐवजी ‘सामाईक’.

पेठेतला
सामाईक म्हटलं की मला भिंत दिसती आणि दोन भाऊ कोर्टात दिसतात.

शाहूपुरी ते न्यूजर्सी
मग भाषांतर अचूक आहे.

दुधाळी
‘राष्ट्रीय’वरून आठवलं. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही टिळकांची चतुःसूत्री. तेव्हा ‘राष्ट्रीय शाळा’ म्हणजे सरकारचा हात न लागलेली शाळा, लोकांनी वर्गणी काढून चालवलेली. आज ‘राष्ट्रीय’ म्हटलं की दिल्लीचा शिक्का. शंभर वर्षांत शब्दानं पक्ष बदलला, आणि ही वापराची महती सांगणारी मंडळी म्हणतात, चालतंय की.

पेठेतला
काका, शब्दच कशाला, माणसं पाच वर्षांत बदलत्यात.
बरं, ताईंच्या दुसऱ्या शब्दाकडं या. कंट्रोल म्हणजे रेशन. आमची आजी अजून ‘कंट्रोलची साखर’ म्हणती. त्यामुळं लोकल कंट्रोल म्हणजे गल्लीतलं रेशन दुकान. आणि ‘लोकल’चं तर अजून वाईट. दुकानदार म्हटला ‘हे लोकल आहे’ की आपण हात मागं घेतो. उलट ‘लई स्टँडर्ड माणूस’ म्हटलं की खुर्ची पुढं करतो. म्हंजे ‘स्टँडर्ड विरुद्ध लोकल’ असं मराठीत नुसतं लिहिलं की कुस्ती सुरू व्हायच्या आधीच लोकलवाला चितपट. तिकडं तसं नसंल. तिकडं ‘लोकल’ म्हणजे आपलं, हक्काचं असणार.

शाहूपुरी ते न्यूजर्सी
अगदी. इथे शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून निघतो, त्यामुळे माणूस बोर्डाच्या सभेत उठून ‘माझ्या पैशावर चाललंय’ म्हणतो. आता ज्या गावातली घरं महाग, त्या गावची शाळा श्रीमंत, हेही ओघानं आलंच. यावरूनच 1973 साली टेक्सासमधल्या पालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले, आणि निकालात ‘लोकल कंट्रोल’ हेच समर्थन मान्य झालं.

पन्हाळ्याचे गुरुजी
पेठेतल्या, ‘लोकल’ शब्दाला आमच्या लहानपणी वजन होतं. माझं आजोळ वाळव्याकडं, पूर्वीच्या सातारा जिल्ह्यातलं. तिकडं मराठी शाळेला लोकल बोर्डाची शाळाच म्हणायचे. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या तरी म्हाताऱ्यांच्या तोंडातून लोकल बोर्ड गेलं नाही. तपासणीला दिपोटी यायचा. मूळ शब्द ‘डेप्युटी’, पण दिपोटी म्हटल्याशिवाय भीती वाटत नाही. शेण-सारवण, पताका, आणि आदल्या दिवशी ठरलेलं की पाढे विचारले तर हात कुणी वर करायचा.

कसबा बावडा
हे सगळं गोड आहे, पण कोल्हापुरात बसून ‘शाळा गावाच्या हातात’चं कौतुक जरा जपून करा. 1917 ला शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड. शेजारी मुंबई इलाख्यात 1918 ला विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला, त्यात नगरपालिकेला वाटलं तर तिनं सक्ती करावी अशी मुभा. इकडे हुकूम, तिकडे मर्जी. पुढे 1919 ला महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्या शाळेत घ्यायला लावली. हेच गावसभेत हात वर करून ठरवायला टाकलं असतं तर किती गावांनी हात वर केले असते? अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांवरचा 1954 चा ब्राउन खटला कुणाविरुद्ध होता? ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’विरुद्ध, म्हणजे स्थानिक शाळा-मंडळाविरुद्धच.

चंदगड साइड
हे बरोबर हाय, पण दर वेळी वर शाहू महाराज बसलेले नसतात वो. मी सध्या शाळेत शिकवतो म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. कागदावर किती छान. 2024-25 ला ‘एक राज्य एक गणवेश’ आलं आणि गणवेशाचं सगळं वरून ठरलं. आमच्यात आधी गावातलाच शिंपी व्हरांड्यात टेप घेऊन बसायचा. त्या साली पोरगं तिसरीतलं आणि सदरा सहावीतला. मी स्वतः खाली बसलो आणि एकेकाच्या बाहीला चार-चार घड्या घालून हात बाहेर काढलो, झेंडावंदनाला उभं करायला. डिसेंबरात सरकारनं अधिकार परत समितीला दिले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिल 2025 ला निघाला, जूनअखेर मागं घेतला. मधल्या दोन महिन्यांत पालक आम्हाला विचारत होते, जसं काय मी ठरवलो.

खरं सांगायचं तर आमच्या हातात उरलेली सत्ता म्हणजे ‘मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टी’. ती कुठल्या यात्रेला द्यायची यावर मात्र गाव दोन दिवस भांडतंय. ताई, हेच तुमचं लोकल कंट्रोल.

कसबा बावडा
दादा, गणवेश आणि गणित एका मापानं मोजू नका. शिवाय 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत गेलंय, आता केंद्राला पूर्ण बाहेर ठेवताच येणार नाही.

चंदगड साइड
दादा नव्हे, ताई. आणि आमच्यात ‘केंद्राचं पत्र आलंय’ म्हटलं की दिल्ली कुणाला आठवत नाही. शेजारच्या गावची केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आठवतात.

दुधाळी
ताई आहात? मग ‘मी बसलो’, ‘मी काढलो’, ‘मी ठरवलो’ काय हे? ‘बसले’ हवं. आणि ‘काढलो’ तर पुरुषानं लिहिलं तरी चूक, ‘मी हात काढले’ असं हवं. शिक्षिका म्हणवता आणि कर्तरी-कर्मणीचा पत्ता नाही?

चंदगड साइड
काका, मी बी.एड. आहे, प्रयोग मला शिकवू नका. शासनाच्या कागदावर ‘बसले’च लिहितो. इथं घरच्यासारखं लिहिलो. कोल्हापूरच्या निम्म्या बायका ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, तुमच्या घरात पण म्हणत असतील, कान देऊन ऐका.

गंगावेसवाली
मी म्हणते घरात. लिहिताना बदलते. सासूबाई तर दोन्हीकडे ‘आलो’च.

बरं, सध्या ‘सामाईक शैक्षणिक अपेक्षा’ आणि ‘शाळांचा गावपातळीवरचा कारभार’ असं लिहून पाठवतेय. दुसरं जरा लांबलं.

दुधाळी
‘अपेक्षा’ पोकळ आहे. अपेक्षा लग्नाच्या बायोडेटात असतात. पण ते राहू द्या. पहिलीतली मुलगी वहीत ‘मी शाळेत आलो’ लिहील तेव्हा बाई लाल पेन काढणार की नाही, एवढंच सांगा.

चंदगड साइड
पहिलीत नाही काढणार. तिला आधी लिहू दे तरी. चौथीत सांगीन, घरात असं आणि पेपरात तसं.

दुधाळी
म्हणजे चार वर्षं चूक पक्की करून घेणार.

पन्हाळ्याचे गुरुजी
चूक कशी म्हणता? कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं. ‘बंदे’ म्हणजे आलो आणि आले, दोन्ही. सीमाभागातल्या बायकांच्या तोंडी कानडीची सावली पडली असणार, माझं पहिल्यापासून हे मत आहे.

गुजरीतला
गुरुजी, मग सोलापूरलाही तसंच ऐकू यायला पाहिजे. तिथं कानडी काय कमी आहे का? सोलापूरचं कुणी आहे का इथे?

पेठेतला
सोलापूरचा एक दोस्त हाय, पण तो बाई न्हाई. त्याच्या बहिणीला विचारून उद्या सांगतो.