मदत हवी आहे : अविधवा नवमीला आईच्या नावाने काय करावं?

आईला जाऊन दीड वर्ष झालं, ओव्हरीचा कॅन्सर. वर्षश्राद्ध झालंय, आता भाद्रपद वद्य नवमी येतेय. आत्या म्हणते, सवाष्ण गेली, म्हणजे सवाष्णच जेवायला बोलवायची, खणानारळाने ओटी भरायची. हे बाबा आहेत तोवरच. बाबांना ते मान्य आहे, पण त्यांच्या मनात आणखी एक आहे.

परळला टाटात उपचार चालू असताना आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. केमोनंतर स्वतःला घास जात नसायचा, तरी आई शेजारच्या पेशंटच्या पोरांना घरून आणलेल्या भाजणीची थालीपिठं लावून द्यायची. (बाबांना कुकरला पाणी किती घालायचं तेही तिथेच शिकवलं. चाळीस वर्षांच्या संसारात वेळ मिळाला नव्हता म्हणे!) म्हणून त्या दिवशी तिथल्या लोकांना जेवण द्यावं, असं बाबांना वाटतं.

कुणी असं केलंय का? शिजवलेलं अन्न घेतात, की शिधा किंवा पैसे द्यावेत? किती आधी कळवावं लागतं? आणि ओटीची सवाष्ण तिथल्याच एखाद्या पेशंटच्या नातेवाईक बाईंना विचारलं तर त्यांना अवघड वाटेल का? मला हाच प्रश्न जास्त छळतोय. आत्याला मी सांभाळते.