सेम गाडी, सेम बिल्डिंग, तरी शेजाऱ्याचा इन्शुरन्स 6,391 अन् माझा 14,699? काहून?

मानेवाडा_स्पीडब्रेकर

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, 1197 सीसी, नोव्हेंबर 2019 ची, एमएच 31 पासिंग. पाच वर्षं पूर्ण होऊन राहिली अन् रिन्यूअल आलं आहे. मागच्या वर्षी सगळं मिळून 10,190 भरले होते. यावेळेस शोरूमवाल्याचा फोन आला, सर 14,699 होतात, आज भरलं तं बरं नाहीतर उद्या रेट वाढेल. म्हटलं बाप्पा, गाडी जुनी होऊन राहिली अन् इन्शुरन्स वाढून राहिला, हे कोणतं गणित आहे?

वरून काल लिफ्टमध्ये तिसऱ्या माळ्यावरचे काका भेटले, त्यांची पण हीच गाडी, हेच मॉडेल, माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी. ते म्हणे मी तं मोबाईलवरून 6,391 मध्ये केलं, अन् असे हसले की जसं मी अडाणीच आहे. रात्री झोप नाही आली सांगतो.

एक क्लेम झाला होता माझा जूनमध्ये, पण एकदम छोटा. मेडिकल चौकात सिग्नलवर उभा होतो अन् मागून ऑटोवाल्यानं ठोकलं, बंपर फाटला. 7,200 चं बिल झालं, कंपनीनं 5,900 दिले, बाकी 1,300 मी. चूक माझी नव्हतीच. त्याचा पण फरक पडते का? बाकी सगळं शोरूमवाला लुटून राहिला असंच वाटते मला. जाणकारांनी सांगा.

बर्डीचा_बंड्या

आधी दोन्ही कोट टाका ना भाऊ, टोटल पाहून कोणाले काय समजणार. हॉटेलचं बिल 800 झालं म्हणून सांगता अन् खाल्लं काय ते सांगतच नाही. काकांनी पोहे खाल्ले असतील अन् तुम्ही सावजी मटण.

मानेवाडा_स्पीडब्रेकर

😄 घ्या. माझं: ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं) 5,241, एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) शून्य, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) 2,300, इंजिन प्रोटेक्ट 700, कन्झ्युमेबल 450, थर्ड पार्टी 3,416, पर्सनल ॲक्सिडेंट 350. टोटल 12,457, त्यावर 18 टक्के जीएसटी. आयडीव्ही, म्हणजे गाडीची धरलेली किंमत, 3,40,000.

काकांच्या घरी जाऊन चहा पिऊन फोटो काढून आणला. ओन डॅमेज 4,000, त्यातून एनसीबी 50 टक्के गेला म्हणजे 2,000, थर्ड पार्टी 3,416, बस. आयडीव्ही 2,70,000. काकू म्हणे यांना काही विचारू नका, यांना प्रत्येक गोष्ट स्वस्तातच पाहिजे.

विमावाला_धंतोली

मी स्वतः एजंट आहे हे आधीच सांगतो, म्हणजे मग कोणी म्हणायला नको. पण इथे धंदा करायला आलो नाही.

काकांचं अन् तुमचं फक्त एका ओळीत जुळते, थर्ड पार्टी 3,416. ती जुळणारच. तो रेट कोणती कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून 1000 सीसीपर्यंत 2,094, 1000 ते 1500 पर्यंत 3,416 अन् 1500 च्या वर 7,897. नागपूर असो की गडचिरोली, शोरूममधून घ्या की मोबाईलवरून, यात एक रुपया कमी होत नाही, अन् कोणी कमी करून देतो म्हणाला तं पॉलिसी नकली असू शकते हे लक्षात ठेवा. कायद्यानं सक्तीचं आहे ते एवढंच. हे नसलं अन् पोलिसानं धरलं तं पहिल्या वेळेस 2,000 अन् परत धरलं तं 4,000 दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत जेल पण होऊ शकते.

खरा खेळ ओन डॅमेजचा आहे. 2007 पर्यंत त्याचेही रेट बांधलेले होते, तेव्हापासून कंपन्यांना मोकळीक मिळाली. पण आजही हिशोब बराचसा त्या जुन्या टॅरिफवरून सुरू होतो अन् मग त्यावर डिस्काउंट देतात. तुमचंच पाहा, 1000 ते 1500 सीसी, पाच वर्षांच्या वरची गाडी, नागपूर झोन बी, रेट 3.351 टक्के. 3,40,000 वर 11,393 होतात. तुम्हाला लावले 5,241, म्हणजे 54 टक्के डिस्काउंट दिला आहे. दुसरी कंपनी 60 देईल, तिसरी 40 देईल. कोणत्या मॉडेलचे क्लेम जास्त येतात, पार्ट किती महाग, गाडी किती जुनी, कोणत्या आरटीओची, यावर प्रत्येकाचं आपलं आपलं गणित असते. म्हणून एकाच गाडीचे पाच ठिकाणी पाच आकडे येतात. त्याला लूट नाही म्हणता येत.

आता तुमचा छोटा क्लेम. तुम्ही 5,900 घेतले ना? मागच्या वर्षी तुमचा एनसीबी 45 होता, यंदा 50 झाला असता. तो सरळ शून्यावर आला. 5,241 चे निम्मे म्हणजे 2,620 यंदाच गेले, जीएसटी धरून 3,092. बरं पुढच्या वर्षी लगेच 50 होत नाही, पुन्हा पहिल्या पायरीवरून 20, 25, 35, 45 अन् मग 50. तोपर्यंत ओन डॅमेज 5,000 च्या आसपास धरलं तरी पाच वर्षांत मिळून साडेसात हजार जातात. घेतले 5,900 अन् घालवले साडेसात हजार. अन् चूक कोणाची होती हे एनसीबी पाहत नाही, तुमच्या पॉलिसीतून पैसे निघाले की संपलं. माझ्या कस्टमरले मी नेहमी म्हणतो, दहा हजाराच्या आतलं डेंटिंग पेंटिंग असलं की आधी मला फोन कर, मग गॅरेजमध्ये क्लेम फॉर्मवर सही कर. कोणी ऐकत नाही.

मानेवाडा_स्पीडब्रेकर

अरे बापरे. अन् तो गॅरेजवाला म्हणे सर कॅशलेस आहे, खिशातून कशाला देता.

बर्डीचा_बंड्या

त्याचं काय जाते, त्याले बिल पाहिजे. खिशातून देणारा भाव करते, कंपनी करत नाही.

पुणे_रिटर्न

मी सहा वर्षं पुण्यात होतो, गाडी एमएच 12 ची, आता नागपूरले आलो तरी पासिंग तेच आहे. मला वाटलं होतं इथे ट्रॅफिक कमी तं इन्शुरन्स अर्धा होईल. कायचं काय. झोन ए मध्ये आठ शहरं आहेत, मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद अन् अहमदाबाद. बाकी सारा देश झोन बी. अन् झोन पासिंगवरून पाहतात, तुम्ही राहता कुठं यावरून नाही. वर एजंट साहेबांनी 3.351 सांगितला ना, तोच पुण्याच्या गाडीला 3.447 आहे. साडेतीन लाखाच्या गाडीवर तीनशे-साडेतीनशेचा फरक, तो पण डिस्काउंटच्या आधीचा. त्यासाठी एनओसी आणून नंबर बदलायचा अन् इथला रोड टॅक्स अन् आरटीओच्या चकरा... जाऊ द्या.

खरं म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर कसा आहे हे जास्त कोणी विचारतच नाही. माझी बहीण अमेरिकेत आहे, तिचा पोरगा 17 चा झाला अन् त्याचं नाव पॉलिसीत टाकलं तं प्रीमियम असा उडाला की भावजी म्हणे याला सायकल घेऊन देऊ. तिकडे ड्रायव्हरचं वय, मागचे चलान, ॲक्सिडेंट, कोणत्या पिनकोडात राहते, बऱ्याच राज्यांत तं क्रेडिट स्कोअर पण पाहतात. इथे चाळीस वर्षं हॉर्नसुद्धा न वाजवलेला माणूस अन् कालचं लायसन मिळालेलं पोट्टं, गाडी सारखी असली तं रेट जवळपास सारखाच. आता ती किलोमीटरप्रमाणे पैसे वाली पॉलिसी आली आहे, 2022 मध्ये परवानगी मिळाली तिला. माझी गाडी वर्षाला 4,000 पण चालत नाही म्हणून मी ती घेतली, थोडा फायदा झाला. रोज बुटीबोरीले जाणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये.

डागा_लेआउटची_ताई

सगळे स्वस्त स्वस्त करून राहिले म्हणून लिहिते. 23 सप्टेंबर 2023 विसरले का सगळे? पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला अन् आमच्या गल्लीत नाग नदी शिरली. आमची गाडी खालच्या पार्किंगमध्ये होती. पाणी उतरल्यावर पाहिलं तं सीटवर गाळाचा एक बोट जाड थर, डॅशबोर्डच्या कप्प्यात एक मेलेली मासोळी, अन् वास तर विचारूच नका.

बाजूच्या दादांनी काय केलं, पाणी उतरल्यावर लगेच चावी फिरवली. एक-दोनदा नाही, दहादा. इंजिनमध्ये पाणी होतं, आतले रॉड वाकले. सर्व्हेअर आला, सीट, वायरिंग, मॅट सगळं धरलं पण इंजिन धरलं नाही. म्हणे पूर येणं हे कव्हर आहे, पण पाणी असताना तुम्ही सुरू केली हे तुमच्यामुळे झालेलं नुकसान. त्यांच्याकडे इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. कितीचं होतं ते? सात-आठशे रुपयांचं. अन् समोरच्या बिल्डिंगमध्ये एकाची फक्त थर्ड पार्टी होती, त्याला एक पैसा नाही मिळाला कारण थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, आपली गाडी बुडाली की आपलं आपण.

आमची गाडी आम्ही हातही लावला नाही, बॅटरीची वायर काढली अन् टोइंगनं उचलून नेली. नऊ आठवडे लागले, रडवलं त्यांनी कागदांसाठी, पण झालं. कंपनीनं टोटल लॉस केली अन् तेव्हा समजलं आयडीव्ही काय असते. गाडी गेली तं तेवढेच मिळतात, त्याच्या वर नाही. तुमच्या काकांनी 2,70,000 केलं आहे ना, त्यांची गाडी चोरीला गेली तं सत्तर हजार कमी मिळतील तुमच्यापेक्षा. अन् ते वाचवून राहिले किती, सहा-सातशे. त्यांना सांगा जरा.

विमावाला_धंतोली

ताईंनी एकदम मुद्द्याचं सांगितलं. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीचा तक्ता आहे, चौथं वर्ष पूर्ण होऊन पाचवं लागलं की 50 टक्के घसारा, त्यानंतर मात्र तुम्ही अन् कंपनी मिळून ठरवता. ऑनलाइन आयडीव्हीच्या पट्टीवर बोट मागं सरकवलं की प्रीमियम खाली येते अन् लोक खुश होतात.

झिरो डेपबद्दल पण बोलतो. ते नसलं तं बंपरसारख्या प्लास्टिक अन् रबराच्या पार्टवर कंपनी निम्मेच पैसे देते, पत्र्यावर गाडी जितकी जुनी तितकी कपात, काचेवर कपात नाही. पाच वर्षांनंतर बऱ्याच कंपन्या झिरो डेप देत नाही, ज्या देतात त्या महाग देतात, म्हणून तुमचं 2,300 झालं असेल.

आणखी एक, ऑनलाइन भरताना मागच्या वर्षी क्लेम झाला का असा प्रश्न येते. तिथे 'नाही' दाबून 50 टक्के एनसीबी घ्यायचा मोह होईल. नका करू. कंपन्या एकमेकींकडून तपासतात, अन् खोटं निघालं की मोठ्या क्लेमच्या वेळेस हात वर करतात. अन् तारीख चुकवू नका, 90 दिवसांच्या वर गॅप गेला की कमावलेला एनसीबी पण जाते. तुमचा तं तसाही शून्यच आहे म्हणा.

बर्डीचा_बंड्या

जखमेवर मीठ 😂

पर्सनल ॲक्सिडेंटचे 350 पण पाहून घ्या भाऊ. 15 लाखाचं ते कव्हर मालकाच्या नावानं असते, गाडीच्या नाही. दुसऱ्या गाडीवर घेतलं असलं तं पुन्हा घ्यायची गरज नाही. माझ्याकडे दोन वर्षं डबल कापत होते, अन् मी भरत होतो.

मानेवाडा_स्पीडब्रेकर

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी टाकून बसलो अन् चार ठिकाणी कोट काढले, यावेळेस ओळीनं ओळ लावून. स्कूटरच्या पॉलिसीत पर्सनल ॲक्सिडेंट आहे म्हणून ते काढलं. कन्झ्युमेबल पण काढलं, त्यात नट-बोल्ट, कूलंट, ऑइल असंच असते म्हणे, अन् बंपरच्या वेळेस त्याचे 300 च कटले होते. ताईंचं वाचून इंजिन प्रोटेक्ट ठेवलं, आमच्या पार्किंगमध्ये पण जुलैत घोट्याइतकं पाणी येते. आयडीव्ही 3,20,000 ठेवला. एका कंपनीनं 60 टक्के डिस्काउंट दिला तं ओन डॅमेज 4,289 आलं, झिरो डेप 2,000, इंजिन 600, थर्ड पार्टी तेच 3,416. जीएसटी धरून 12,160. भरले. काकांना पण आयडीव्हीचं सांगितलं, ते म्हणे आपली गाडी कोण चोरते.

शोरूमवाल्याले सांगितलं तं तो म्हणे सर मी पण 12,500 करून देतो. काल काहून नाही सांगितलं रे बाबा.

आता दुसरी भानगड. पैसे भरून अर्धा तास झाला असेल, सौभाग्यवतीनं गाडी रिव्हर्स घेताना गेटच्या खांबाले लावली. मागचा बंपर, तोच, जूनमधला नवा. डावीकडून फाटला आहे, लाइट शाबूत आहे. घाट रोडकडे कोणी प्लास्टिक वेल्डिंग करून नीट पेंट मारून देणारा माहीत असेल तं सांगा, क्लेमचं नाव काढू नका.