माथेरानच्या मिनी ट्रेनचं तिकीट ऑनलाइन दिसतच नाही, मदत हवी आहे

गोरेगावकर_पूर्व
दोन दिवस आयआरसीटीसीवर डोकं फोडतोय. नेरळ टाकलं तरी माथेरानची गाडी येत नाही. सहा जण आहोत, शनिवारी जाऊन रविवारी परत. हॉटेलचे पैसे भरून झालेत. तिकीट कुठून काढायचं तेवढंच सांगा, पॉइंट कुठले बघायचे ते नको. जरा लवकर.

कर्जत_स्लो
ऑनलाइनचा नाद सोडा. नेरळला खिडकीवर मिळतं, गाडी सुटायच्या ४५ मिनिटं आधी. पण खिडकी ४५ मिनिटं आधी उघडते म्हणून तेव्हा उगवलात तर हात हलवत परत. शनिवार-रविवारी रांग त्याच्या खूप आधी लागते. वर जाणाऱ्या गाड्या सकाळच्याच, डबे मोजके. पहिली हुकली की तीच रांग दुसऱ्या गाडीला तुमच्यापुढे. परतीचं तिकीट वर माथेरानच्या खिडकीवर काढायचं.
किती तारीख? सहामध्ये लहान-म्हातारं कोण?

नॅरोगेज_नाना
तिकिटाचं वर आलंच आहे. पण गाडीत बसताना जरा रुळांकडे बघा. दोन फुटी गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), १९०७ साली सुरू झालेली लाइन, चढ काही ठिकाणी २० फुटांना एक फूट. मोठ्या लाइनचा बोरघाट ३७ ला एक, त्यातही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात! इथली वळणं इतकी आवळ की साधं इंजिन वळलंच नसतं. म्हणून जर्मनीहून ऑरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं आणली. त्यांचे टोकाचे आस (चाकं जोडणारे दांडे) वळणावर आडवे सरकायचे, मधला जागेवर.

गोरेगावकर_पूर्व
नाना, इंजिन नको, तिकीट हवंय.

मुलुंड_वेस्ट_४०००८०
सलून डबा घ्या की! आठ जणांचा वातानुकूलित डबा आहे, आगाऊ बुक होतो. रांग नाही, काही नाही.

कर्जत_स्लो
@मुलुंड, तो अख्खा घ्यावा लागतो आणि अनामत वेगळी. भाडं ऐकलं की हॉटेल फुकट वाटेल. तारीख काय ते अजून कळलं नाही.

हिल_क्वीन_फॅन
एवढी रांग लावण्यापेक्षा कालका-शिमला करा. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, आणि तिकीट ऑनलाइन मिळतं. आपल्याकडे बोगदा एकच.

गोरेगावकर_पूर्व
हॉटेल माथेरानला बुक आहे, शिमल्याला नाही!! तारीख जूनचा शेवटचा शनिवार. सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जास्त चालवत नाही. म्हणून तर ट्रेन.

कर्जत_स्लो
हे आधी सांगितलं असतंत तर रांगेचं पुराण टळलं असतं. नेरळहून गाडी पावसाळ्यात बंद असते, साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर. दरडी, रुळांवर धोंडे, खालची खडी वाहून जाणं. २००५ च्या पावसात लाइन उखडली ती २००७ ला सुरू झाली, २०१९ ला परत तेच, मग थेट ऑक्टोबर २०२२. तेव्हा जूनच्या शेवटी नेरळच्या खिडकीवर जाऊन काही उपयोग नाही.
अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) ते माथेरान शटल मात्र पावसाळ्यातही चालते, कारण तो तुकडा वर पठारावर आहे, घाट त्याच्या खाली संपतो. १५-२० मिनिटांचा प्रवास. सासूबाईंसाठी खरं तर तीच सोयीची.

घाटातला_ड्रायव्हर
शटलपर्यंत पोहोचायचं तर नेरळ ते दस्तुरी नाका रस्त्याने. पुढे मोटारींना बंदी. शेअर टॅक्सी स्टेशनबाहेर मिळते, भरेपर्यंत सुटत नाही. सहा जण म्हणजे अख्खीच ठरवा, आणि भाडं दस्तुरीपर्यंतचं का ते बसायच्या आधी बोलून घ्या.
स्वतःची गाडी आहे का?

गोरेगावकर_पूर्व
आहे. सात सीटर, सीएनजी.

घाटातला_ड्रायव्हर
मग नीट वाचा. सहा माणसं, सामान आणि सीएनजीची टाकी घेऊन ती गाडी चढणीच्या वळणावर दम टाकते. नेरळलाच पेट्रोलवर टाका, टाकीत थोडं नाही, पुरेसं पेट्रोल ठेवा. वळणाच्या आधी पहिला गिअर, वळणात नाही. एसी बंद. पुढची गाडी वळण पार करून जाईपर्यंत तुम्ही खाली थांबा, तिच्या बुडाला लागलात आणि ती अडली तर ओल्या चढावर हाफ क्लचवर लटकाल आणि मग क्लच जळल्याचा वास. उतरताना पहिला-दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका. धुक्यात हेडलाइट अपर केला तर पांढरी भिंत दिसते, डिपरच ठेवा.

मुलुंड_वेस्ट_४०००८०
पावसात त्या घाटात नवख्याने गाडी घालूच नये. नेरळला लावा, टॅक्सीने जा.

घाटातला_ड्रायव्हर
नवखा आहे असं त्यांनी कुठे म्हटलं? पण हो, पहिला घाट असेल तर टॅक्सी.

गोरेगावकर_पूर्व
पहिलाच आहे. टॅक्सी. मग नेरळपर्यंत लोकल? दादरला बदलताना सासूबाईंना जिने झेपणार नाहीत.

हार्बर_लाइन_ताई
दादरला बदलायचंच कशाला? गोरेगावहून हार्बरची सीएसएमटी लोकल आहे. वेळ जास्त जातो, पण सीएसएमटीला सगळे फलाट टोकाला एकाच पातळीवर मिळतात, पूल नाही. तिथूनच कर्जत किंवा खोपोली लोकल सुटते, रिकामी गाडी मिळते, सगळ्यांना बसता येतं. दादरला भरलेल्या कर्जत फास्टमध्ये त्यांना चढवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. नेरळला गाडी क्षणभर थांबते, शेलू गेलं की दाराशी या.
रविवारी परतताना मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्री बघा.

कर्जत_स्लो
ताईंचं बरोबर. आता दस्तुरीचं. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरायचा, सुटे पैसे ठेवा. तिथून अमन लॉज स्टेशन चालत काही मिनिटं, पण वाट पावसात निसरडी. चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट, आणि सासूबाईंना टोकाला रबर असलेली काठी. वाटेत कोणी ‘गाडी आज बंद आहे, घोडा घ्या’ म्हणालं तर आधी स्टेशनच्या खिडकीवर विचारा. जोराच्या पावसात शटल खरंच थांबते, पण ते खिडकीवरून कळू दे.
एकाने पुढे जाऊन रांग लावा, बाकीच्यांनी सासूबाईंबरोबर सावकाश या. डब्याची पायरी उंच आणि दार अरुंद आहे: आधी एक जण वर, मग त्या, चांगला पाय पहिला, खालून एकाचा आधार.
आणि मुख्य प्रश्न, हॉटेल कुठे आहे? बाजारात की अमन लॉजच्या बाजूला?

मुलुंड_वेस्ट_४०००८०
हातरिक्षा मिळत असेल तर घ्या ना सरळ, हॉटेलच्या दारात सोडतात.

हार्बर_लाइन_ताई
माणसाने माणूस ओढायचा? ई-रिक्षा मिळते का ते हॉटेललाच विचारा.

मुलुंड_वेस्ट_४०००८०
आणि ओढणाऱ्याच्या पोटाचं काय, ताई?

कर्जत_स्लो
तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. हॉटेल?

गोरेगावकर_पूर्व
आत्ता फोन केला. म्हणतात अमन लॉज स्टेशनपासून पाच मिनिटं.

कर्जत_स्लो
मग शटलने माथेरानला गेलात तर तेवढंच अंतर उलटं यावं लागेल. दस्तुरीहून सरळ हॉटेल गाठा, सामानाला हमाल करा. शटल रविवारी सकाळी फिरायला घ्या: अमन लॉज-माथेरान, स्टेशन बाजारातच आहे, खाऊन-फिरून परत. उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांच्या फलकाचा फोटो काढा. खाण्याची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका, माकडं थेट तिच्यावरच येतात.

नॅरोगेज_नाना
आणि त्या गाडीत बसलात की वळणावर खिडकीतून आस सरकतात का ते बघा… नाही, ती वाफेची इंजिनं, आता डिझेल. जाऊ दे.

गोरेगावकर_पूर्व
नाना 😄 बघतो. सासूबाईंना शटलचं सांगितलं, त्या म्हणतात खिडकीची जागा माझी. कुठली बाजू घेऊ?

कर्जत_स्लो
त्या तुकड्यात दोन्हीकडे झाडीच आहे. दाराजवळची घ्या, उतरायला सोपं.