हिरकणी कक्षाला कुलूप… अंगावर पाजण्याबद्दल नेमकं काय माहीत आहे? (अनुभव धागा)

रानजाई
परवा एका एसटी स्टँडवर हिरकणी कक्षाला, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीला, कुलूप होतं. बाहेर बाकावर एक बाळंतीण भिंतीकडे तोंड करून, पदर सावरत तान्ह्याला घेऊन बसलेली. जुनं सगळं वर आलं. माझी कहाणी सांगत नाही, पण ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी लिहा. नव्या आईला आज संध्याकाळी वापरता येईल असं.

मी खोलीपासून सुरू करते. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून हिरकणी कडा उतरून लेकराकडे गेली. तिच्या नावाच्या खोलीला बाहेरून कुलूप नकोच, आतून कडी हवी. किल्ली ठेवायचीच असेल तर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत ठेवा आणि दारावर तसं ठळक लिहा. ६ बाय ८ फूट जागा पुरते. खुर्ची पाठीची आणि हातांची, पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीची. नुसतं बाकडं टाकलं की आई पुढे वाकते, बाळ स्तनाग्राला लोंबकळतं आणि भेगा पडतात. पंखा, बेसिन, दुधी काच, पंपासाठी प्लग, झाकणाचा कचऱ्याचा डबा. आणि संडासाला लागून नको. आपण तिथे बसून जेवू का?

सिस्टर_सांगली
ड्युटी संपत आलीय, घाईत लिहिते. पहिला तास फार मोलाचा. बाळ पुसून कोरडं करायचं आणि उघडंच आईच्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून दोघांवर पांघरूण. वजन-बिजन नंतर. सिझर असेल तरी आई शुद्धीवर असली की हेच, फक्त बाळ बगलेखालून घ्यायचं म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, घट्ट पिवळसर, थेंब थेंब. नातेवाईक म्हणतात "दूधच नाही" आणि मध, साखरपाणी, पावडरचं दूध शोधायला लागतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५-७ मिली मावतं. म्हणजे चमचाभर. तेवढा चीक असतोच. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

पुरतंय का हे लंगोटावरून कळतं, रडण्यावरून नाही. पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा लघवी, शी काळ्याची पिवळी झालेली. वजन आधी थोडं उतरतं, ते चालतं. १० टक्क्यांवर उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं.

मिनू२२
बाळ १२ दिवसांचं. दोन्हीकडे भेगा, रक्त येतंय. तूप लावते पण पाजताना डोळ्यांत पाणी येतं 😢 थांबवू का?

गोधडी
मिनू, अगं किती सोसतेयस. थांबवू नकोस, खाली ताई लिहितीलच.

पान्हा_समुपदेशक
मिनू, तुपाने भेग मऊ होईल पण कारण जाणार नाही. कारण आहे बाळाची चुकीची पकड. असं कर.

पाठीला उशी. बाळाचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. मान वळवून पाजू नकोस, मान वळवून आपल्यालाही घोटभर पाणी नीट पिता येत नाही. डोक्यामागे हात दाबायचा नाही, मानेखाली तळवा धर म्हणजे डोकं थोडं मागे जाईल. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर आण, तोंडासमोर नव्हे. वरच्या ओठावरून फिरव. जांभईएवढं तोंड उघडलं की झटकन बाळाला जवळ ओढ. बाळ स्तनाकडे आण, स्तन बाळाकडे नेऊ नकोस.

बरोबर लागलं की हनुवटी स्तनात रुतते, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर दुमडलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. गाल फुगीर. आधी भरभर चोखेल, मग पान्हा फुटला की सावकाश, घोट गिळल्याचा आवाज. चकचक आवाज येत असेल किंवा गालाला खळी पडत असेल तर सुटलेलं आहे. ओढून काढू नकोस, ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घाल, हवा गेली की सुटतं. परत लाव. पाचदा लावावं लागलं तरी लाव.

पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचा थेंब भेगेवर लावून वाळू दे. साबण नको. तरीही बरं नाही झालं तर बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का ते दाखव.

आजोबा_सातारा
सूनबाई बाळंत होणार आहे. घरातल्या पुरुषांनी काय करावं? स्पष्ट सांगा.

गोधडी
काका, तुम्ही विचारलंत हेच केवढं मोठं. पाजायला बसली की हाताशी तांब्याभर पाणी, खायला काही. ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं मुलाकडे द्या. रात्री बाळ उचलून तिच्या कुशीत द्यायचं, झालं की परत घ्यायचं. आणि भेटायला येणाऱ्यांना "आत्ता पाजतेय, नंतर या" हे तुम्हीच सांगा. तिला सांगता येत नाही.

आजोबा_सातारा
समजलं. लिहून ठेवतो.

केतकी_ठाणे
अळिवाचे लाडू दूध वाढवतात ना? आईचं प्रमाण हरवलंय, कुणाकडे आहे?

मोगरा
पाव वाटी अळीव दीड वाटी नारळपाण्यात २-३ तास भिजव, नारळाचा चव २ वाट्या, गूळ सव्वा वाटी. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, गोळा सुटेपर्यंत. जायफळ शेवटी. फ्रीजमध्ये ठेव, ओला नारळ आहे.

पान्हा_समुपदेशक
लाडू जरूर खा, लोह मिळतं, अंगात ताकद येते. पण दूध वाढतं ते स्तन रिकामा होण्याने. भरलेला राहिला की शरीर समजतं की मागणी नाही, आणि कमी बनवतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीचं चुकवायचं नाही. रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं. एक पावडरची बाटली म्हणजे एक वेळ स्तन भरलेला राहिला, म्हणून "थोडं वरचं" देता देता आठ-दहा दिवसांत दूध खरंच कमी होतं.

एचआर_वाली
नोकरीवाल्या बायकांनो, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, २०१७ च्या दुरुस्तीपासून. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून ४ वेळा तिथे जाता येतं. शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्याची सुटी, जेवणाच्या सुटीपेक्षा वेगळी. हे मागताना अर्ज लेखी द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. आणि खोली मागा. स्टोअररूम चालेल, बाथरूम नाही.

डबेवाली_आई
दूध काढून ठेवायचं गणित. बाळ साधारण ७५०-८०० मिली पितं दिवसाला, म्हणजे तासाला ३० धरा. १० तास बाहेर तर ३०० मिली मागे ठेवायचं. रुजू व्हायच्या ३ आठवडे आधीपासून सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा काढा. ६०-६० मिलीचे छोटे डबे, वर तारीख. मोठा डबा उघडला की उरलेलं फुकट जातं.

हाताने काढायचं तर अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून ३-४ सेमी मागे. आधी छातीकडे मागे दाबा, मग अंगठा-बोट एकमेकांकडे, सोडा. कातडीवर घासायचं नाही. धार मंदावली की बोटं फिरवून दुसऱ्या बाजूने. पंप वापरणार असाल तर स्तनावर बसणारा भोंगा मापाचा घ्या, स्तनाग्राच्या व्यासापेक्षा २-३ मिमी जास्त. बरेचदा खोक्यात २४ मिमीचा येतो, तो कित्येकींना मोठा होतो आणि मग काळा भागही आत ओढला जाऊन सुजतो.

खोलीत २५ अंशांपर्यंत ४ तास. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात खोली २५ अंशांची नसतेच, थेट बर्फाच्या डब्यात. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. ४ दिवसांपर्यंत चालतं, पण आमच्याकडे वीज जाते म्हणून मी २४ तासच सांगते. साय वर येते, ती खराबी नाही, हलकेच फिरवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, कोमट पाण्यात भांडं ठेवा. पाजायला बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं (चोचीचं छोटं भांडं), १० मिनिटं उकळून.

केतकी_ठाणे
आमच्याकडे चांदीचं बोंडलं आहे!! देवघरात पडून आहे.

सिस्टर_सांगली
चिंचेने घासून चोचीतून पाणी सोडून बघ, आत काळं राहतं. ते पूर्ण निघत नसेल तर वाटी-चमचाच बरा.
दूध साकळून गाठ आली तर: जोरात चोळू नका, सूज वाढते. पाजत राहा, मध्ये थंड पट्टी. ताप, लाल चट्टा आणि २४ तासांत उतार नसेल तर डॉक्टर.

बीड_कार्यकर्ती
ऊसतोडीच्या फडातल्या आयांचं कुणी बोलत नाही. पहाटे कोपी (पाचटाची झोपडी) सोडली की बाळ पाचटावर नाहीतर झोळीत. मुकादमाने एवढं करावं: फडाच्या कडेला सावलीची एक जागा, पिण्याच्या पाण्याचा हंडा, आणि पाजायला गेलेल्या बाईची मोळी कमी धरू नये. हात आधी धुवायचे, बोटांवर कुसळं आणि फवारणीचं औषध असतं.

एचआर_वाली
ताई, हे आमच्या डोक्यातच येत नाही. धन्यवाद.

मोगरा
ज्यांना जास्त दूध येतं त्यांनी दूधपेढी विचारा. आशियातली पहिली मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दात्या आईच्या एचआयव्ही, कावीळ ब वगैरे तपासण्या होतात. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून झटकन थंड करतात आणि गोठवतात. सव्वा-दीड किलोच्या बाळांना ते औषधासारखं लागतं, पावडरीवर त्यांची आतडी सडायचा धोका वाढतो. घरातल्या घरात शेजारणीचं दूध मात्र असं तपासल्याशिवाय देऊ नका.
आणि दुकानदार पावडरीवर सूट किंवा फुकट डबा देत असेल तर ते १९९२ च्या कायद्याने चालत नाही. जाहिरातही चालत नाही.

रानजाई
स्टँडच्या कुलपाबद्दल: आगारात तक्रार वही असते, त्यात तारीख-वेळ घालून लिहून आले. तुम्हीही लिहा, फोटोसकट.

मिनू२२
ताई, बगलेखालून घेतलं, नाकासमोर धरलं. तिसऱ्यांदा हनुवटी रुतली. चकचक बंद झाली. गिळल्याचा आवाज येतोय.

पान्हा_समुपदेशक
शाब्बास. सोडेल तेव्हा स्तनाग्राचा आकार बघ. लिपस्टिकसारखं तिरकं चपटं झालं असेल तर अजून थोडं आत घ्यायला हवं. गोल असेल तर दुसरीकडे तसंच लाव. सकाळी लिहून कळव.