पीएम किसान: वारसाने आलेली जमीन, वडिलांचं नाव अजून अडकलेलं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाव विदर्भात, मी पुण्यात नोकरीला. आबांच्या (आजोबा) नावावर साडेचार एकर होती, २०१९ पासून त्यांना पीएम किसानचे २००० चे हप्ते नीट येत होते. मार्च २०२२ मध्ये आबा गेले, नोव्हेंबरमध्ये वारस फेरफार होऊन बाबा आणि काका दोघांची नावं सातबाऱ्यावर लागली. २०२३ मध्ये गावच्या सेवा केंद्रातून बाबांचा नवीन फॉर्म भरला तर स्टेटसला आजही जमीन नोंद "नो" दाखवतंय, ईकेवायसी आणि आधार बँक लिंक दोन्ही "येस". तहसीलला गेलं की म्हणतात कृषीकडे जा, कृषीवाले म्हणतात जमिनीचं महसूलकडे, बाबांचे एसटीचेच किती गेले काय सांगू! आणि पीएम किसान नाही म्हणून नमो शेतकरीचं (राज्य सरकारची जोड योजना) पण नाही, म्हणजे दोन्ही मिळून वर्षाचे १२ हजार. लोकांना २००० किरकोळ वाटतात पण पेरणीच्या तोंडावर डीएपी खताचं एक पोतं १३५० ला येतं हो.

विचारायचं हे की,
१) कोणीतरी सांगितलं १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालतच नाही, खरंय का?
२) मी इन्कम टॅक्स भरतो, त्यामुळे बाबांचं अडलंय का?
३) आबा गेल्यावर मे अखेरचा ११वा हप्ता त्यांच्या खात्यात आला होता, आम्ही हात लावला नाही, तो परत कसा करायचा? बाबा याच्यावरच जास्त अडून बसलेत.

बांधावरचा: भाऊ, ती तारीख विकत घेतलेल्या किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीला. खातेदार वारला आणि वारसाने आली तर चालते. माझा अंदाज, सेवा केंद्रवाल्याने २०१९ नंतरची तारीख टाकली पण कारण वारसा टाकलं नाही, आमच्याकडे असेच चार-पाच अडकले होते. फेरफार उतारा, आबांचा मृत्यू दाखला, ८अ (खाते उतारा) जोडून तालुक्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सोयाबीनवाला: टॅक्सचं टेन्शन नको. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं, तुम्ही सज्ञान, त्यात येतच नाही. मात्र आईच्या नावावर पण जमीन असेल तर दोघांचे फॉर्म भरू नका, एकालाच मिळतं. काकांचं कुटुंब वेगळं, त्यांनी स्वतंत्र भरायचा. अ‍ॅग्रीस्टॅकचा (सरकारची शेतकऱ्यांची डिजिटल नोंदणी) शेतकरी आयडी काढलाय का? २०२५ पासून नवीन नोंदणीला तो मागतात. हप्त्याचं म्हणाल तर आधी आबांची मयत नोंद लाभार्थी यादीत करून घ्या, मग पोर्टलवर ऑनलाइन रिफंडचा ऑप्शन आहे तिथून भरा, पावतीची प्रिंट ठेवा.

मूळ धागाकर्ता: दोघांचे आभार! आयडी काकांनी काढलाय, बाबांचा राहिलाय, ते म्हणत होते आता हे अजून कशाला. आत्ताच फोन केला, मृत्यू दाखला घरात आहे पण फेरफार उतारा सापडेना, तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) सोमवारी नवीन काढतील. सेवा केंद्रवाल्याने कारण काय टाकलंय ते फॉर्म भरल्यावर कुठे बघता येतं का?