मदत हवी आहे: सप्लाय चेन डिझाइनमध्ये जायचंय, मॉडेल तर बनलं, पुढे काय?

मंडळी,

मी सध्या डिस्पॅच प्लॅनिंगमध्ये आहे. कोणती गाडी कुठे लावायची, कोणती ऑर्डर आधी काढायची आणि उशीर झाला की फोन कोणी घ्यायचा, हेच रोजचं काम. आता सप्लाय चेन डिझाइनकडे, त्यातही नेटवर्क डिझाइनकडे वळायचंय. म्हणजे गोदामं किती आणि कुठे असावीत, कोणत्या कारखान्याने कोणत्या भागाला माल द्यावा, हे ठरवणारं काम. या क्षेत्रातल्या जाणकारांचा सल्ला हवाय.

ईओक्यू (एका वेळी किती माल मागवणं स्वस्त पडतं), सेफ्टी स्टॉक (मागणी अचानक वाढली तर म्हणून ठेवलेला जादा साठा), बुलव्हिप (ग्राहकाच्या मागणीतला छोटा बदल कारखान्यापर्यंत जाताना मोठा होत जाणं) हे सगळं वाचून झालंय. एक्सेल बऱ्यापैकी येतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कामापुरतं. सरावासाठी काल्पनिक आकडे घेऊन एक मॉडेल केलं: 3 कारखाने, 8 संभाव्य गोदामं, 60 ग्राहक-विभाग. एक्सेलचा सॉल्व्हर (सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर शोधणारं साधन) 200 व्हेरिएबल्सच्या, म्हणजे ठरवायच्या आकड्यांच्या, पुढे जात नाही. इथे गोदाम ते ग्राहक एवढेच 480 होतात, म्हणून पायथनमध्ये पल्प ही अशी मॉडेल्स मांडायची मोफत लायब्ररी वापरून मांडलं. उत्तर येतं: 3 गोदामं उघडा.

इथे अडलोय. मुलाखतीत हे दाखवलं तर पहिलाच प्रश्न आला, "तीनच का? चार घेतली तर काय बिघडतं?" खर्च वाढतो, याच्या पुढे मला बोलता आलं नाही.

तर (१) या प्रश्नाची तयारी कशी करायची? (२) एमआयटीचा मायक्रोमास्टर्स (सप्लाय चेनचा ऑनलाइन अभ्यासक्रम) करावा की एएससीएम या व्यावसायिक संस्थेचं सीएससीपी प्रमाणपत्र? (३) कूपासारखी नेटवर्क डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर्स हाताळायला मिळत नाहीत, त्याचं काय करू?

प्रतिसाद: आडवाट

पहिल्या प्रश्नावरच जास्त लिहितो, बाकीचे त्यामानाने किरकोळ आहेत.

मॉडेलला एकच उत्तर विचारू नका. उघडलेल्या गोदामांची संख्या आधी 1 ठेवा, मग 2, असं 8 पर्यंत चालवा आणि प्रत्येक वेळी एकूण खर्च लिहून ठेवा. येणारी वाहतूक, जाणारी वाहतूक, गोदामाचा स्थिर खर्च, असे रकाने वेगळे ठेवा. आलेख काढलात तर तो तळाशी बऱ्याचदा चपटा दिसतो. 3 आणि 4 मध्ये फारसा फरक नसेल, तर निर्णय खर्चावर होतच नाही. तो होतो किती ग्राहकांना दुसऱ्या दिवशी माल पोचतो यावर, किंवा एक गोदाम बंद पडलं तर काय, यावर. मुलाखत घेणाऱ्याला हे ऐकायचं असतं.

दुसरं म्हणजे, तुमच्या मॉडेलला सेफ्टी स्टॉक दिसतच नाही. समजा 4 गोदामांत प्रत्येकी 100 नग सेफ्टी स्टॉक आहे. मागणीचे चढउतार सारखे आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर सगळं एका ठिकाणी आणल्यावर 400 ऐवजी 200 पुरतात. हा वर्गमूळाचा हिशोब (4 चं वर्गमूळ 2, म्हणून 100 च्या दुप्पट) लिनियर मॉडेलमध्ये, म्हणजे फक्त सरळ प्रमाणातली समीकरणं घेणाऱ्या मॉडेलमध्ये, सरळ बसत नाही. प्रत्येक पर्यायासाठी तो बाहेर करून खर्चात मिळवा.

तिसरं, बेसलाइन, म्हणजे आजच्या स्थितीचं मॉडेल. नोकरीत पहिले कित्येक आठवडे यातच जातात. आज माल जसा जातो तसाच मॉडेलमध्ये बांधायचा आणि आलेला खर्च लेखा विभागाच्या आकड्याशी जुळतो का ते बघायचं. तो जुळत नाही तोवर तुमच्या "बचतीवर" कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये! सरळ रेषेतलं अंतर वापरलं असेल तर रस्त्याचं अंतर साधारण 1.2 ते 1.3 पट धरतात. भाड्याचा किलोमीटरमागे एकच सरासरी दर मात्र लावू नका. भरलेल्या गाडीचं आणि सुट्या मालाचं गणित वेगळं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मायक्रोमास्टर्समध्ये गणित जास्त आहे आणि सप्लाय चेन डिझाइनचा स्वतंत्र कोर्सच आहे. डिझाइनसाठी तोच घ्या. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एनीलॉजिस्टिक्स या अशाच सॉफ्टवेअरची शिकण्यापुरती मोफत आवृत्ती मिळते. पल्पमध्ये मॉडेल मांडता येणाऱ्याला नवं सॉफ्टवेअर जड जात नाही.

प्रतिसाद: रिकामटेकडा

गणिताबद्दल सहमत, पण सीएससीपीला इतकं उडवून लावू नका. पहिल्या चाळणीत बायोडेटा एचआरकडे असतो, त्यांना आलेख दिसत नाही, नावापुढची सीएससीपी ही अक्षरं दिसतात. कंपनी फी भरत असेल तर जरूर करा. स्वतःच्या खिशातून असेल तर आडवाट म्हणतात ते बरोबर.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. आलेख काढला, 3 ते 5 खरंच जवळपास सपाट आहे. एक उपप्रश्न: ग्राहक-विभाग 600 केले की मॉडेल संपायचं नाव घेत नाही. गोदाम आणि ग्राहक जोडणारी अट अशी आहे: गोदामातून निघणारा एकूण माल ≤ क्षमता × उघडं/बंद.

प्रतिसाद: आडवाट

ती अट राहू द्या, सोबत प्रत्येक जोडीसाठी वेगळी घाला: या गोदामातून या ग्राहकाला जाणारा माल ≤ त्या ग्राहकाची मागणी × उघडं/बंद. अटींची संख्या खूप वाढते, तरी मॉडेल बहुतेक वेळा लवकर सुटतं, कारण "अर्धं उघडं" गोदाम दाखवून खर्च कमी करायची पळवाट बंद होते. आणि 600 विभाग खरंच हवेत का, तेही बघा. जवळचे ग्राहक एकत्र केल्याने गोदामाची जागा बदलत नसेल तर कशाला?

कंपनीचा खरा डेटा वापरणार असाल तर आधी परवानगी घ्या, आणि बाहेर दाखवताना नावं व दर बदला. आणि हो, बायोडेटात डिस्पॅचचा अनुभव खाली ढकलू नका. गाडी डॉकवर किती वेळ अडकते हे मॉडेलवाल्यांना माहीत नसतं, ते वरच लिहा.